न सुटलेल्या बाणाची भीती

जुळे सोलापूरला राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "मी भयकथा लिहिते. कथेत पडका वाडा आहे, अमावास्या आहे, उलट्या पावलांची बाई आहे, रक्तही आहे. वाचणारे 'छान जमलीय' म्हणतात आणि जेवायला उठतात. उलट मला स्वतःला रात्री लाईट गेली की आमच्या इमारतीचा जिना उतरवत नाही. समोर कुणी नसतं, कधी काही झालेलंही नाही, तरी पाय जड होतात. माणसाला भीती नेमकी कशाने वाटते? आणि जिन्यावरची भीती कथेत का उतरत नाही?" सोबत कथाही पाठवली आहे.

मी सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. दिवसाचा बराच वेळ भ्यालेल्या माणसांच्या सोबतीत जातो आणि उरलेल्या वेळात वाचतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. आधी सरळ उत्तर देतो, मग विस्ताराने सांगतो. भीती वाटायला भयंकर वस्तू लागत नाही. आपलं काहीतरी हातचं जाणार असं वाटावं लागतं, ते कधी आणि कुठून हे कळता कामा नये, आणि त्यावर आपला काही इलाज चालणार नाही असं मनाने धरलेलं असावं लागतं. तुमच्या काळोख्या जिन्यावर हे सगळं आहे. तुमच्या कथेत मात्र ती बाई तिसऱ्याच परिच्छेदात कंदिलाच्या उजेडात पूर्ण दिसते आणि नायक कोण, कुठला, त्याच्या घरी कोण वाट बघतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याचं काही जाणार असं वाचणाऱ्याला वाटावं तरी कशावरून?

जिन्यापासूनच सुरुवात करू. काळोखात खालच्या मजल्यावर काहीतरी खुट् झालं, तर 'हे मांजर असेल की माणूस' असा विचार तुमच्या मनात पुरता यायच्या आत छातीत धस्स झालेलं असतं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. डोळ्यांकडून, कानांकडून आलेली अर्धीकच्ची बातमी त्याच्याकडे झटकन पोचते. तीच बातमी तपासून, ओळख पटवून पोचायला थोडा जास्त वेळ लागतो. त्या मधल्या क्षणात शरीराने आपली तयारी केलेली असते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात, पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी या तयारीला 'लढा किंवा पळा' असं नाव दिलं. त्यात तिसरी गोष्ट घालायला हवी, ती म्हणजे थिजणं. तुमचे पाय जड होतात ते त्यातलंच. धोका कुठे आहे हे कळलेलं नसताना हालचाल न करणं हा प्राणिमात्रांचा फार जुना उपाय आहे. तेव्हा 'मी भित्री आहे' असं जे तुम्ही पुढे लिहिलं आहे, ते खोडून टाका.

या अमिग्डालाविषयी ज्यांचं संशोधन गाजलं ते जोसेफ लेडू स्वतः अलीकडे बजावून सांगतात की, तो भाग म्हणजे भीती नव्हे. तो धोक्याची चाहूल लागल्यावर शरीराला उठवतो. 'मला भीती वाटतेय' हा अनुभव त्यानंतर, आपल्या जाणिवेत, आठवणी आणि अर्थ मिसळून तयार होतो. मला हे पटतं, कारण माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी त्या अर्थ लावण्यातूनच जन्मलेली असतात.

अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट इथे सांगायला हवी. वैद्यकीय लेखनात ती एस. एम. या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. एका दुर्मिळ आजाराने तिच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झाला होता. संशोधकांनी तिला सापांच्या दुकानात नेलं, तर तिने साप कुतूहलाने हातात घेतला. भूतबंगला म्हणून सजवलेल्या जुन्या रुग्णालयात नेलं, तर ती सगळ्यांच्या पुढे चालत राहिली. तिला कशाचीच भीती वाटत नाही, असंच सगळे धरून चालले होते. २०१३ मध्ये तिला आणि तशाच आणखी दोन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा एका श्वासापुरती दिली. हे अगदी निर्धोक असतं, पण त्याने क्षणभर गुदमरल्यासारखं होतं. त्या तिघांनाही भीतीचा जबरदस्त झटका आला. बाहेरून येणाऱ्या धोक्याचा रस्ता बंद असलेल्या माणसालाही, स्वतःच्या शरीराच्या आतून आलेल्या हाकेने भीती वाटू शकते, हे त्यातून दिसलं.

ही आतली हाक सोलापुरात मी रोज ऐकतो. एका यंत्रमाग कामगाराचं सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रात्रपाळीला मागावर उभं असताना त्याला एकदम छातीत धडधडलं, घाम फुटला, बोटं मुंग्या आल्यासारखी झाली. घरच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट, रक्ताच्या तपासण्या नीट. "काही झालेलं नाही, गॅस असेल," असं सांगून घरी पाठवलं. आठवड्याने पुन्हा तेच. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याची दोन बोटं सारखी मनगटाच्या नाडीवर होती आणि तो म्हणाला, "डॉक्टर, मशीनमध्ये येत नाही म्हणजे आजार लई आतला आहे बघा."

त्याचं हे वाक्य मला फार शिकवून गेलं. 'काही नाही' हे उत्तर त्याच्यासाठी दिलासा नव्हतं. त्यामुळे न दिसणारं संकट आणखी मोठं झालं होतं. हृदयाची तपासणी व्यवस्थित झालेली आहे याची खात्री करून मी त्याला खुर्चीत बसवलं आणि माझ्याबरोबर मिनिटभर भराभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. अर्ध्या मिनिटातच त्याचे डोळे मोठे झाले. "हेच! हेच होतंय!" तो ओरडलाच. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ही सगळी लक्षणं येतात. श्वास संथ केला की काही मिनिटांत जातात. आपल्या हाताने आणलेला 'अटॅक' आपल्या हाताने गेलेला त्याने पाहिला. मग त्याला पहिल्या रात्रीचा हिशोब मांडून दाखवला: उकाडा, जागरण, रिकाम्या पोटी चहावर चहा, त्याने वाढलेली धडधड, 'आपल्या काकालाही असंच झालं होतं' हा विचार, त्या विचाराने आणखी धडधड. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचं हे चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या बदलाचा 'आता मी मरतो' असा अर्थ लावला जातो आणि तो अर्थच त्या बदलाला खतपाणी घालतो. (छातीत पहिल्यांदा दुखलं तर मात्र 'मनाचं असेल' म्हणून कुणी घरी बसू नये. ईसीजी आधी, माझ्यासारख्याकडे नंतर.)

आता अनिश्चिततेकडे येतो, कारण तुमच्या कथेचा कणा तिथेच मोडलाय. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाग घेणाऱ्यांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे आणि कुठल्या दगडाखाली साप असेल ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा खरा, दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असलेल्यांची घालमेल कमी होती. सगळ्यात जास्त घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचं मोठं होणं दिसलं ते झटका बसण्याची शक्यता बरोबर अर्धी होती तेव्हा. नक्की वाईट होणार, हे माणूस सोसतो. होईल की नाही, हे त्याला सोसवत नाही.

आपल्या भागात याला प्रयोगाची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, लोक दमून गाढ झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १०,००० माणसं गेली. धक्का सोलापुरातही जाणवला. त्यानंतर कित्येक रात्री लोक अंगणात, मैदानात, रस्त्याच्या कडेला झोपले. ज्यांच्या घराला साधा तडाही गेला नव्हता तेही झोपले. धक्का बसत होता तेव्हा माणसं पळत होती, पोरं उचलत होती, म्हातारी माणसं बाहेर काढत होती; त्या वेळी भ्यायला सवड नव्हती. भीती आली ती नंतर, जमीन शांत असताना. 'आज रात्री मोठा धक्का आहे' अशी आवई रोज उठायची आणि ती खोटी ठरली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी आत झोपायला जायचं नाही. पायाखालची जमीन हलू शकते हे एकदा कळल्यावर, ती आत्ता हलत नाहीये याला काय अर्थ उरतो? त्या वेळी लहान असलेली आणि आता चाळिशी ओलांडलेली माणसं आजही शेजारून जड ट्रक गेला, काचा वाजल्या की बोलता बोलता थांबतात.

भीती कुठून शिकली जाते, यावर थोडक्यात. १९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका अकरा महिन्यांच्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि आज कुणी तो करू धजणार नाही. मुलासमोर पांढरा उंदीर सोडायचा आणि त्याने हात लावला की पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. काही वेळातच मुलगा नुसत्या उंदराला बघून रडू लागला, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते सुझन मिनेका यांचं माकडांवरचं काम. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. सापाला बघून घाबरणारं दुसरं माकड त्यांना दाखवलं, तेवढ्यावर तीही भ्यायला शिकली. मग व्हिडिओ जोडून असं दाखवलं की ते माकड फुलाला घाबरतंय. तर पाहणाऱ्यांनी फुलाची भीती काही घेतली नाही. म्हणजे कशाला भ्यावं याची थोडी पूर्वतयारी आपण जन्मतः घेऊन येतो आणि उरलेलं शेजारच्याच्या चेहऱ्यावरून शिकतो.

आपल्या घरांत हेच होतं. मूल पडलं की आधी आईच्या तोंडाकडे बघतं आणि मग ठरवतं रडायचं की नाही. ज्या घरात आई पालीला बघून किंचाळते तिथे मुलीला पाल शिकवावी लागत नाही. दक्षिण सोलापूरच्या शेतात बिनविषारी धामण दिसली तरी वस्तीवर आरडाओरडा होतो. आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला फारसं न दुखवताही चावून जाणारा मण्यार, जो खरा जीवघेणा, त्याच्यासाठी खाट आणि मच्छरदाणी वापरायचा कंटाळा केला जातो. पुणे हायवेवर हेल्मेट न घालता तीन जण एका गाडीवर जातात, त्यात कुणाचीच छाती धडधडत नाही. भीतीचा आणि धोक्याचा मेळ आपोआप बसत नाही. तो बसवावा लागतो.

आता साहित्य. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, भय सांगितला आहे आणि तो कशाकशाने उत्पन्न होतो त्याची यादी आहे: विचित्र आवाज, भुताखेतांचं दर्शन, कोल्ह्याचं आणि घुबडाचं ओरडणं, रिकामं घर, अरण्यात जाणं, आणि आपल्या माणसाचा वध किंवा बंदिवास पाहणं, ऐकणं वा त्याची कथा कानावर पडणं. ही यादी सावकाश वाचा. कोल्हा माणसाला खात नाही, घुबड काही करत नाही, रिकाम्या घरात तर कुणीच नाही. यातल्या बहुतेक गोष्टी म्हणजे धोका नव्हे, धोक्याच्या खुणा आहेत. आणि यादीत शेवटी जिथे खरोखरच काही भयंकर घडतं, तिथे ते 'स्वजना'चं घडतं. भरताने हे नाटक करणाऱ्यांसाठी लिहिलं, म्हणजे प्रेक्षकाच्या अंगावर काटा कसा आणायचा याची ही व्यवहारी सूचना आहे, आणि आज मेंदूचं शास्त्र जे सांगतं त्यापासून ती लांब नाही.

त्याच ठिकाणी त्याने भयानकाचे तीन प्रकार केले आहेत: सोंग केलेलं भय, अपराधातून आलेलं भय आणि दुसऱ्याने धमकावल्यामुळे आलेलं भय. मधला प्रकार मराठी कथाकारांनी नीट वापरावा असं मला फार वाटतं. आपल्याकडे देवाचा कोप, राहून गेलेला कुळाचार, म्हाताऱ्या आईला शेवटी न विचारल्याची बोच, भावाच्या वाटणीची दाबलेली गुंठाभर जमीन, या गोष्टी माणसाला रात्री झोपू देत नाहीत. भूत दिसल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या माणसांशी थोडं बोलत राहिलं की पुष्कळदा भूत ओळखीचं निघतं. ते कुणीतरी सासरा असतो, सावत्र बहीण असते, नाहीतर न सांगता पाडलेलं मूल असतं. वाड्यातली अनोळखी बाई वाचकाला घाबरवत नाही, कारण तिचं आणि नायकाचं देणंघेणंच नाही.

आणि आता एका हरणाकडे येतो. कालिदासाच्या शाकुंतलाच्या सुरुवातीला दुष्यंत रथातून एका हरणाचा पाठलाग करतो. ते हरीण मान वळवून वळवून मागे येणाऱ्या रथाकडे बघतं. बाण लागेल या भीतीने अंगाचा मागचा भाग जणू पुढच्या भागात ओढून घेतं. धापेने तोंड उघडं पडतं आणि अर्धवट चावलेलं दर्भाचं गवत वाटभर सांडत जातं. सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्त या काश्मिरी पंडिताने रस म्हणजे काय हे समजावताना भयानकासाठी हाच श्लोक उदाहरण म्हणून घेतला. तो म्हणतो ते असं: हे वाचताना 'मी भ्यालो' किंवा 'ते हरीण भ्यालं' अशी वाटणी उरत नाही. कुणा एकाचं नसलेलं, निव्वळ भय मनात उतरतं. म्हणून ते पळवून लावत नाही, धरून ठेवतं.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुष्यंताने बाण सोडलेलाच नाही. पुढे आश्रमातले तपस्वी त्याला थांबवतात आणि तो बाण शेवटपर्यंत सुटत नाही. हरणाच्या अंगावर एक ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. आहे ते फक्त मागे वळून बघणं आणि तोंडातून गळणारं गवत. चरत असलेल्या, म्हणजे घरच्यासारखं निवांत असलेल्या जीवाचा घास तोंडातच राहिला, हे कालिदासाने दाखवलं आणि तिथे आपल्या घशात काहीतरी अडकतं. त्याने 'भयाण', 'भीषण', 'अंगावर शहारे आणणारं' यातलं एकही विशेषण वापरलेलं नाही. तुमच्या कथेत पहिल्या पानावर 'भयाण' पाच वेळा आलंय. वाचकाने भ्यावं म्हणून आपण त्याच्या आधी भ्यायला लागलो की तो स्वस्थ बसतो.

तर कथा कशी बदलाल? वाडा सोडा. सोलापुरात राहता, सोलापूरची भीती शोधा. साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांच्या आवाजात पोरं जन्मापासून झोपतात. तिथे मागाची खटखट चालू असणं म्हणजे सगळं ठीक असणं. मध्यरात्री एकाच घरातला माग थांबतो आणि गल्लीतली सगळी माणसं एकदम जागी होतात, ही तुमची सुरुवात होऊ शकते. किंवा एप्रिलमधली गच्ची घ्या. पारा ४२-४३ वर गेलेला, सगळं घर वर झोपायला आलेलं. आई पहाटेच्या गारव्यात उठते आणि मुलांच्या अंगावर चादरी टाकत जाते. चार मुलं, पाचवी चादर तिची स्वतःची. ओळीने पांघरत पांघरत ती आपल्या अंथरुणापाशी येते, तेव्हा तिच्या हातात एकही चादर नसते.

यापुढे काही लिहू नका. निदान पानभर तरी लिहू नका. वाचणारा मनात मोजू लागतो: एक, दोन, तीन, चार. मग त्याला मागे वळून त्या ओळीकडे बघावंसं वाटतं आणि बघवतही नाही. इथे अमावास्या नाही, उलटी पावलं नाहीत. पण मुलं आहेत, म्हणजे जाण्यासारखं काहीतरी आहे. चादर ओळखीची आहे, गच्ची ओळखीची आहे, फक्त संख्या चुकते आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात हेच हेरलं होतं की, पूर्ण परक्या गोष्टीपेक्षा घरच्या, ओळखीच्या गोष्टीने जराशी ओळख सोडली की माणूस जास्त हादरतो. आणि आईने त्या क्षणी ओरडूही नये. तिने धाकट्याचं नाव हळूच घ्यावं. का, हे वाचकाला कळेल.

वाचकाला अशा भीतीत मजा का येते, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते यात येतंच. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत मोठ्या पाळण्यात बसलेली पोरं वरून खाली येताना जीव खाऊन किंचाळतात आणि उतरल्यावर पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहतात. नाडी तीच, घाम तोच, पोटातला गोळाही तोच. फरक एवढाच की पाळणा थांबणार हे त्यांना माहीत असतं आणि खाली बाबा उभे असतात. पुस्तक मिटता येतं, ही वाचकाची सुटका आहे. म्हणून तर तो स्वतःहून आत शिरतो. तुमचं काम त्याला थोडा वेळ ते विसरायला लावणं.

जिन्याचं आता. तुम्ही लिहिलंय की लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च लावून, नवऱ्याला फोन चालू ठेवून, दोन-दोन पायऱ्या उतरता, नाहीतर लाईट येईपर्यंत घरातच थांबता. भीतीला टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण ती सुटका सावकाराच्या कर्जासारखी आहे. पुढच्या खेपेला भीती व्याजासकट समोर येते. कारण 'टॉर्च होता म्हणून वाचले' असंच मन शिकतं, 'जिन्यावर काही नव्हतं' हे शिकायची त्याला संधीच मिळत नाही. दंडातला ताईत, पर्समधली गोळी, सोबत नेलेलं लहान मूल, या सगळ्यांचं तसंच. श्रद्धेला माझा आक्षेप नाही. पण ज्याच्यावाचून पाऊल उचलत नाही अशी प्रत्येक वस्तू भीतीला खरं ठरवते. करणी-भानामती उतरवून देतो म्हणणारे नेमकं यावरच पैसे काढतात: आधी भीती पक्की करायची, मग तिच्यावरचा तोडगा विकायचा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा फसवणुकीवर गुन्हा नोंदवता येतो, हे पुष्कळांना अजून माहीत नाही.

करायचं असं. लाईट असताना, घरचं कुणीतरी वर असताना, जिन्याचा दिवा मुद्दाम बंद करा. पहिल्या पायरीवर उभं राहण्याआधी कागदावर लिहा की काय होईल असं वाटतंय, अगदी नेमकं: 'कुणीतरी पाय धरेल', 'मी चक्कर येऊन पडेन'. मग टॉर्चशिवाय उभ्या राहा. भीती वाढेल, वाढू द्या. मंत्र म्हणू नका, गाणं गुणगुणू नका, मोजू नका. काय होतंय ते पाहा. बऱ्याच जणांची भीती काही वेळाने उतरू लागते, काहींची पहिल्या दिवशी उतरत नाही, आणि तरीही चालतं. लिहिलेलं घडलं की नाही, हे परत कागदावर लिहिणं जास्त महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या पुढे. मग वेगळ्या वेळी, मग खरोखर लाईट गेलेली असताना. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवं शिकलेलं बसतं आणि सरावाने तेच आधी आठवू लागतं. म्हणून मध्ये खंड पडून भीती परत डोकावली तर सगळं फुकट गेलं असं समजू नका, पुन्हा चार दिवस करा. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी मात्र आणू नका. त्यातल्या काहींची सवय फार लवकर लागते. औषधांची गरज पडते तेव्हा ती उपयोगीही असतात, पण ती कुठली आणि किती दिवस हे तपासून ठरवावं लागतं. झोप, भूक, शाळेतलं काम यावर परिणाम होऊ लागला तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हे सगळं ज्या भीतीमागे धोका नाही तिच्यासाठी. दुसऱ्या भीतीविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर मला पुरं करता येणार नाही. विड्या वळणारी एक बाई माझ्याकडे आली होती. तिचेही तपशील बदलले आहेत. तक्रार अशी की रात्री कडी वाजली की अंग थरथरतं, लघवी सुटते, तोंडातून शब्द फुटत नाही. आधीच्या ठिकाणी तिला 'घबराटीचा आजार' म्हणून गोळ्या लिहिल्या गेल्या होत्या. नवरा काय काम करतो, किती वाजता येतो, प्यायलेला असतो का, आल्यावर काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं, मग मनगटापासून पदर वर सरकवला.

तिची भीती बरोबर होती. कडीच्या आवाजावरून, पावलांच्या वजनावरून, दाराशी लागणाऱ्या वेळावरून ती आज काय होणार याचा अंदाज घेत होती आणि तो अंदाज चुकत नव्हता. अशा माणसाला जिन्यावर उभं राहायला सांगणं किंवा श्वास संथ करायला शिकवून त्याच घरी परत पाठवणं हा उपचार नव्हे. तिच्या जखमांची रीतसर नोंद केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, हे समजावून सांगितलं आणि त्या कामात मदत करणाऱ्या एका कार्यकर्तीशी तिची तिथेच गाठ घालून दिली. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आणि तातडीसाठी ११२, हे दोन्ही तिने मोबाईलमध्ये मुलीच्या मैत्रिणींच्या नावाने साठवून घेतले, म्हणजे नवऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाहीत. ही कल्पना तिचीच. गोळ्या तिने हळूहळू, माझ्या देखरेखीखाली, नंतर बंद केल्या. त्याआधी ती आणि मुलगी माहेरी राहायला गेल्या होत्या.